छातीतली कळ आणि रक्ताची साक्ष



वसंत ऋतूतल्या व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय म्हटला की, श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे गड, तह आणि लढाया उभ्या राहतात. मी आज ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे त्यात गड नाही आणि तलवारही नाही. तो आहे काचेच्या एका लहानशा नळीचा आणि तीत काढून घेतलेल्या चमचाभर रक्ताचा. माणसाच्या छातीत कळ आली असता ती कळ हृदयाची की पोटातल्या वायूची, हा प्रश्न रक्ताला विचारावा आणि रक्ताने त्याचे उत्तर द्यावे, ही गोष्ट आज जिल्ह्याच्या गावी नित्याची झाली आहे. पण ती साधायला पन्नास-साठ वर्षे लागली, आणि त्या वर्षांत कितीतरी घरांतली माणसे उत्तराची वाट पाहता पाहता गेली. त्यांपैकी एक घर आमचे होते.

मी पिंप्राळ्याचा. आज पिंप्राळा जळगाव शहरात इतके मिसळून गेले आहे की, गाव कोठे संपले आणि शहर कोठे सुरू झाले हे नव्या माणसाला सांगता यावयाचे नाही. मी शाळेत होतो तेव्हा मात्र ते खऱ्या अर्थाने गाव होते, आणि गाव व शहर यांच्या मध्ये रेल्वेचे फाटक होते. मुंबई-भुसावळ मार्गावरच्या गाड्यांना कमी नाही. मालगाडी यावयाची असली की फाटक पडे, आणि मग बैलगाडी असो, सायकल असो की मोटार असो, सर्वांनी सारख्याच निमूटपणे उभे राहावयाचे, असा तेथला रिवाज होता.

१९७०च्या दशकातली एक हिवाळ्याची रात्र. घरी भरताचा बेत झाला होता. खानदेशात हिवाळ्यातले भरीत म्हणजे काय, हे मी आपल्याला सांगायला नको. माझे थोरले काका, त्यांना आम्ही नाना म्हणत असू, जेवून ओट्यावर बसले आणि थोड्या वेळाने छातीवर हात फिरवू लागले. आईने विचारले, तेव्हा ते म्हणाले, "काही नाही, वांगं बाधलं." ओवा दिला, सोडा दिला, कोणी पाठीला तेल चोळले. दरदरून घाम आला तेव्हा घरातली माणसे म्हणाली, बरे झाले, वायू मोकळा झाला. पहाटे डावा हात भरून आला, आणि मग मात्र धावपळ झाली. फाटक पडलेले होते. किती वेळ पडलेले होते हे मला आज सांगता येणार नाही. भीतीच्या वेळी घड्याळ कोण पाहतो?

दवाखान्यात हृदयाचा आलेख काढला. डॉक्टर म्हणाले, "आलेखात फारसे काही दिसत नाही. रक्त पाठवतो, अहवाल उद्या येईल." त्या डॉक्टरांना मी तेव्हाही दोष दिला नाही आणि आजही देत नाही. त्या काळी जे करता येण्यासारखे होते ते त्यांनी केले. दुसऱ्या दिवशी दुपारी अहवालाचा कागद आमच्या हाती आला. त्यावरचा आकडा वाढलेला होता. पण तो कागद आला तेव्हा आम्ही नानांना पोचवून घरी परतलो होतो.

रक्ताला सत्य ठाऊक होते, मग ते इतक्या उशिरा का बोलले? हा प्रश्न पुढे कितीतरी वर्षे माझ्या मनात घर करून होता. त्याचे उत्तर शोधता शोधता जो इतिहास हाती लागला, तो आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम एका शब्दाचा विचार करू. आपल्या मराठीत 'काळीज' हा शब्द फार गमतीचा आहे. काळीज धडधडते, काळीज तुटते, काळीज फाटते असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्या मनात हृदय असते. पण खाटकाच्या दुकानी काळीज मागितले तर तो यकृत देतो. एकाच शब्दात हृदय आणि यकृत दोन्ही राहतात. हा घोटाळा भाषेचा आहे म्हणून हसून सोडून देऊ नका. रक्ताच्या पहिल्या परीक्षेनेही नेमका हाच घोटाळा केला होता. तो कसा, ते पुढे येईलच.

छातीतली कळ ही काही नवी व्याधी नव्हे. चरकसंहितेत हृद्रोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत, आणि सुश्रुताने हृच्छूल म्हणून वेगळे वर्णन केले आहे. म्हणजे दुखणे आपल्या वैद्यांच्या नजरेतून सुटलेले नव्हते. पाश्चात्त्य वैद्यकात विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टराने १७६८ साली लंडनला या कळेविषयी निबंध वाचला. चालताना, विशेषतः चढण चढताना व जेवणानंतर चालताना छाती आवळल्यासारखी होते आणि उभे राहिले की बरे वाटते, हे त्याने बारकाईने नोंदवले. तथापि हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद होऊनही माणूस काही काळ जगतो व त्याचे निदान जिवंतपणी करता येते, हे शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी ठासून सांगितले ते १९१२ साली. तोपर्यंत वैद्यांची सर्वसाधारण समजूत अशी की, ही वाहिनी बंद पडली म्हणजे माणूस तत्काळ मरतो, तेव्हा निदान व्हावयाचे ते शवविच्छेदनाच्या टेबलावरच.

याच सुमारास हॉलंडमध्ये विलेम आइन्थोवेन यांनी हृदयाच्या विजेचा आलेख काढण्याचे यंत्र सिद्ध केले होते. त्याबद्दल १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्याला आपण 'कार्डिओग्राम' किंवा नुसते 'ईसीजी' म्हणतो तो हाच. या आलेखाने फार मोठे काम केले आणि आजही छातीत दुखणाऱ्या माणसाची पहिली परीक्षा तीच आहे. परंतु तिलाही मर्यादा आहे. हृदयाच्या स्नायूचा एखादा भाग मरत असतानाही आलेख जवळजवळ निर्दोष दिसू शकतो. आमच्या नानांचा तसाच होता.

तेव्हा प्रश्न असा उभा राहिला की, आलेख मुका असेल तर साक्ष कोणाची काढावी?

बाजार समितीच्या आवारात आपण पुष्कळदा पाहतो की, एखादी गोणी फाटली की धान्य खाली सांडते. गोणी कोणत्या मालाची होती हे तिच्यावरचे नाव न वाचताही सांडलेल्या दाण्यांवरून कळते. शरीरातल्या पेशीचेही असेच आहे. पेशी मेली की तिचे आवरण फाटते आणि आतला ऐवज रक्तात सांडतो. तो रक्तात सापडला तर कोठेतरी गोणी फाटली आहे, हे निश्चित समजावे. कोणती गोणी, हा मात्र त्यापुढचा प्रश्न.

१९५४ साली न्यूयॉर्क येथे जॉन लाड्यू, फेलिक्स व्रुब्लेव्हस्की आणि आर्थर कार्मेन या तिघांनी या विचाराला प्रत्यक्षात आणले. ट्रान्सॲमिनेज नावाचे एक विकर, म्हणजे पेशीतल्या रासायनिक उलाढाली घडवून आणणारा पदार्थ, १९३७ साली मॉस्कोतल्या संशोधकांनी शोधून काढला होता. हृदयाच्या स्नायूत तो भरपूर असतो. कार्मेन हे त्या तिघांत तरुण. रक्तातला हा पदार्थ मोजण्याची आधीची रीत फार संथ होती. प्रकाशाचे शोषण मोजणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने त्यांनी ती मिनिटांच्या हिशेबात आणून बसवली. हृदयविकाराचा झटका आलेल्या रोग्यांचे रक्त त्यांनी तपासले, तेव्हा तो आकडा चढलेला आढळला. १९५४च्या सप्टेंबरात हा शोध 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या पदार्थाचे जुने संक्षिप्त नाव एसजीओटी.

हे नाव आपल्यापैकी पुष्कळांना ओळखीचे वाटले असेल. बरोबर आहे. कावीळ झाली की पॅथॉलॉजीच्या कागदावर जे नाव आपण वाचतो तेच हे. आज एसजीओटी ही यकृताची परीक्षा म्हणून ओळखली जाते, पण जन्माला आली ती हृदयाची परीक्षा म्हणून! याच मंडळींना लवकरच आढळून आले की, यकृताला सूज आली तरी हा आकडा चढतो, आणि कधी कधी हृदयविकारापेक्षाही कितीतरी अधिक चढतो. मघाशी मी काळजाच्या घोटाळ्याविषयी बोललो तो हाच. रक्ताने सांगितले की काळीज दुखावले आहे. पण कोणते काळीज, ते त्याला सांगता येईना.

दुसरा दोष वेळेचा. झटका आल्यावर हा आकडा चढू लागायला सहा ते बारा तास लागत आणि शिखराला पोचायला एक ते दोन दिवस. त्यातच रक्त प्रयोगशाळेत जाणार, तेथे पाळी लागणार, कागद परत येणार. म्हणजे नानांचा अहवाल दुसऱ्या दिवशी आला तो कोणाच्या आळसामुळे आला असे नव्हे. त्या परीक्षेची प्रकृतीच तशी होती.

याच संशोधकांनी लवकरच एलडीएच नावाच्या दुसऱ्या विकराची परीक्षा पुढे आणली. ते आणखी उशिरा चढे, पण आठवडा-दीड आठवडा टिके, म्हणून उशिरा आलेल्या रोग्याला उपयोगी पडे. यापुढचे पाऊल मात्र जपानमधून आले. तोकियोचे सेत्सुरो एबाशी हे स्नायूंचे मोठे अभ्यासक. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली दाखवले की, स्नायूंचा क्षय होणाऱ्या एका आनुवंशिक रोगात क्रिएटिन कायनेज नावाचे विकर रक्तात पुष्कळ वाढते. पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या संशोधकांनी तीच वाढ हृदयविकाराच्या झटक्यात दाखवली. हे विकर, ज्याला आपल्याकडे 'सीपीके' म्हणत, यकृतात जवळजवळ नसते. तेव्हा काळजाचा पहिला घोटाळा मिटला. पण दुसरा उभा राहिला! हे विकर हातापायांच्या स्नायूंत भरपूर असते. मग एखादा पहिलवान आखाड्यातून उठून आला, किंवा एखाद्याला दंडात इंजेक्शन दिले, तरीही आकडा चढावा अशी स्थिती झाली. पुढे या विकराचा हृदयात विशेष आढळणारा एक पोटप्रकार, सीके-एमबी, वेगळा मोजता येऊ लागला आणि १९७०च्या दशकापासून पुढे वीसेक वर्षे जगभरच्या रुग्णालयांत त्याचे राज्य चालले. त्या काळी जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक असा होता की, छातीतली कळ, आलेखातला फरक आणि रक्तातल्या विकराची वाढ, या तीन साक्षींपैकी दोन जुळल्या म्हणजे हृदयविकाराचा झटका म्हणावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर इतिहासावर अन्याय होईल. कोणी विचारील की, एवढे हुशार संशोधक होते, तर त्यांनी लवकर बोलणारी परीक्षा आधीच का शोधली नाही? याचे एक उत्तर असे की, जोवर उपाय नव्हता तोवर घाईलाही फारसा अर्थ नव्हता. १९७०च्या दशकातल्या आपल्या गावांत झटका आलेल्या रोग्याला पूर्ण विश्रांती, वेदनाशामक औषध, प्राणवायू आणि देवाची प्रार्थना, याहून फारसे काही देता येत नव्हते. नानांचा अहवाल सहा तास आधी आला असता तर ते वाचले असते असे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकणार नाही. हे मान्य करायला मला फार वर्षे लागली.

त्याच काळात मुंबईत मोठमोठे पराक्रम होत होते हेही ध्यानात घ्या. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरचा उपयोग १९४९ साली ब्रिटिश हृदयरोग-नियतकालिकातून जगापुढे मांडला होता. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी १९६८च्या फेब्रुवारीत हृदयारोपणाची शस्त्रक्रिया केली, डॉ. बर्नार्ड यांनी दक्षिण आफ्रिकेत केलेल्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर अवघ्या अडीच महिन्यांत! रोगी वाचला नाही, पण धाडस मोठे होते. एकीकडे मुंबईत हृदय बदलण्यापर्यंत मजल गेली आणि दुसरीकडे पिंप्राळ्याच्या ओट्यावर, दुखते ते हृदय की वांगे, याचा निर्णय होत नव्हता. विज्ञानाची शिखरे उंच होतात तेव्हा पायथ्याच्या गावात वेळेवर काय पोचते, हेही विचारले पाहिजे.

पुढे उपाय आले आणि मग घाईला अर्थ आला. १९७७ साली झुरिच येथे आंद्रेयास ग्रुन्ट्झिग यांनी बारीक फुग्याने हृदयाची अरुंद झालेली वाहिनी आतून रुंद केली. तीच आपली अँजिओप्लास्टी. १९८६ साली इटलीतल्या ११,८०६ रोग्यांवरील प्रसिद्ध प्रयोगाचे निष्कर्ष आले. स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळवणारे औषध शिरेतून दिल्यास मृत्यू कमी होतात, आणि दुखणे सुरू झाल्यापासून पहिल्या तासात दिल्यास ते जवळजवळ निम्म्याने कमी होतात, असे त्यातून दिसले. १९८८ साली दुसऱ्या एका प्रचंड प्रयोगाने साध्या ॲस्पिरिनचेही मोल सिद्ध केले. आता मात्र 'अहवाल उद्या येईल' हे वाक्य परवडणारे नव्हते.

याच वळणावर एबाशी पुन्हा आपल्या गोष्टीत येतात. स्नायू आकुंचन पावतो म्हणजे नेमके काय होते, याचा शोध ते घेत होते. स्नायूच्या तंतूला आकुंचनाचा हुकूम पोचवणारे एक प्रथिन त्यांना आयाको कोदामा यांच्यासह १९६५ साली सापडले. त्याला त्यांनी ट्रोपोनिन हे नाव दिले. हे काम शुद्ध जिज्ञासेचे होते. त्यात रुग्णालय नव्हते, रोगी नव्हता आणि छातीतली कळही नव्हती. पुढे कळून आले की, या प्रथिनाचे तीन भाग असतात आणि त्यांपैकी दोन भागांची घडण हृदयाच्या स्नायूत वेगळी व हातापायांच्या स्नायूत वेगळी असते. म्हणजे हा असा दाणा मिळाला, जो फक्त एकाच गोणीत भरलेला असतो!

हा दाणा रक्तात ओळखण्याची रीत १९८७ साली इंग्लंडमध्ये आणि १९८९ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे ह्यूगो कॅटस व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. पहिल्या रीतीत थोडी खोट होती. हातापायांच्या स्नायूंतले प्रथिनही ती कधी कधी चुकून मोजी. ती खोट पुढच्या आवृत्तीत काढली गेली. त्यानंतर दहा-अकरा वर्षांतच, म्हणजे २००० साली, युरोप आणि अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून हृदयविकाराच्या झटक्याची व्याख्याच बदलली आणि तिच्या मध्यभागी ट्रोपोनिनला बसवले.

त्यानंतरची प्रगती सूक्ष्मतेची आहे. २००९ सालापासून अतिसंवेदनशील ट्रोपोनिन परीक्षांचे निष्कर्ष येऊ लागले. निरोगी माणसाच्या रक्तातही या प्रथिनाचा अत्यल्प अंश असतो, आणि तोही मोजता येऊ लागला. मोजमाप होते नॅनोग्रॅममध्ये. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यांतला एक भाग म्हणजे नॅनोग्रॅम. प्रचारात असलेल्या एका परीक्षेत लिटरभर रक्तद्रवात १४ नॅनोग्रॅम ही मर्यादा धरतात. शंभर निरोगी माणसांपैकी नव्याण्णवांचा आकडा तिच्या आत असतो. परीक्षा करणाऱ्या कंपनीप्रमाणे हा आकडा बदलतो, म्हणून एका प्रयोगशाळेचा कागद दुसरीच्या कागदाशी ताडून पाहण्याचा खटाटोप घरी करू नये.

आता यातले मर्म ऐका. एका आकड्याने काम भागत नाही. तापीला पाणी किती आहे हे हतनूर धरणावर एकदा पाहून कळते. पण पूर चढतो आहे की ओसरतो आहे की पाणी नेहमीच तेवढे असते, हे कळायला थोड्या वेळाने पुन्हा पाहावे लागते. ट्रोपोनिनचे तसेच आहे. मूत्रपिंडाचा जुना रोग असलेल्या माणसात हा आकडा कायमच वाढलेला असू शकतो. मोठा जंतुसंसर्ग, फुप्फुसाच्या वाहिनीतली गुठळी, हृदयाच्या स्नायूची सूज, यांतही तो वाढतो. झटक्याची खूण म्हणजे आकड्याचे चढणे किंवा उतरणे. म्हणून रक्त आल्याबरोबर एकदा घ्यावयाचे आणि पुन्हा ठराविक वेळाने घ्यावयाचे. ते अंतर पूर्वी सहा ते बारा तासांचे असे. युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांनी २०१५ साली ते योग्य परीक्षा उपलब्ध असेल तेथे एका तासावर आणले. एक दिवसाचे काम एका तासावर आले!

रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत या एका तासाचे मोल किती, ते समजावून घेऊ. अमेरिकेत १०,६८९ रोग्यांचा एक मोठा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. छातीत दुखते किंवा तत्सम तक्रार आहे म्हणून जे कॅज्युअल्टीत आले, त्यांपैकी शंभरात आठांनाच खरा झटका आलेला होता. बाकीच्यांत कोणाला वायू, कोणाला बरगडीचे दुखणे, कोणाला मनाचा ताण. सर्वांना भरती करावे तर खाटा पुरत नाहीत आणि घरे कर्जात बुडतात. सर्वांना घरी पाठवावे तर त्या आठांचे काय? त्याच अभ्यासात खरा झटका आलेल्या ८८९ जणांपैकी १९ जणांना चुकून घरी पाठवले गेले होते. अमेरिकेतल्या सुसज्ज रुग्णालयांची ही कथा, तर आपल्याकडच्या डॉक्टराच्या खांद्यावरचे ओझे केवढे असेल! ट्रोपोनिनची परीक्षा जशी झटका सिद्ध करते, तशीच 'तुम्हाला झटका नाही, निश्चिंत घरी जा' असे खात्रीने सांगण्याचेही काम करते. हे दुसरे काम पहिल्याइतकेच पुण्याचे आहे.

आपल्याकडची परिस्थिती काय आहे? देशातल्या ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांत नोंदवलेल्या वीस हजारांहून अधिक रोग्यांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचायला लागणारा मध्यम वेळ ३६० मिनिटांचा होता. सहा तास! रुग्णालयात पोचल्यावर गुठळीचे औषध सुरू व्हायला मध्यम वेळ लागला तो ५० मिनिटांचा. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. विलंबाचा मोठा वाटा रुग्णालयाच्या दाराबाहेरचा आहे. प्रयोगशाळेने चोवीस तासांचा एक तास केला, पण आपला ओवा, सोडा आणि 'सकाळी पाहू' हे सहा तास तसेच राहिले.

याचा अर्थ आपल्याकडे काही झालेच नाही असा नव्हे. धुळ्याला १९८९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि जळगावला २०१८ साली. आपत्कालीन वैद्यक हा स्वतंत्र विषय म्हणून आपल्या देशात २००९ साली मान्य झाला. गरीब कुटुंबांच्या मोठ्या उपचारांसाठी राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत आपल्या खानदेशातला धुळे जिल्हा होता. पुढे ती साऱ्या राज्यात आली आणि २०१७ साली तिला महात्मा फुले यांचे नाव दिले गेले. २०१४च्या प्रजासत्ताक दिनी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवा महाराष्ट्रात सुरू झाली, तीत ९३७ गाड्या होत्या. आणि आमच्या पिंप्राळ्याच्या फाटकावर आता पूल झाला आहे. तेव्हा मालगाडीला दोष देण्याचीही सोय उरलेली नाही.

आता शेवटच्या काही गोष्टी सावधगिरीच्या. आपण सर्व सुजाण आहात, तरी सांगतो, कारण ज्ञान अर्धे असले की ते घात करते.

पहिली गोष्ट, रक्ताची परीक्षा आलेखाची जागा घेत नाही. छातीत दुखणारा माणूस आला की दहा मिनिटांत आलेख निघाला पाहिजे, असा दंडक आहे. आलेखात झटका स्पष्ट दिसत असेल तर रक्ताच्या अहवालाची वाट पाहत बसणे ही चूक आहे. तेथे उपचार आधी, कागद नंतर.

दुसरी गोष्ट, फार लवकर काढलेले रक्त खोटा दिलासा देऊ शकते. गोणी फाटली तरी दाणे सांडून रस्त्यावर दिसायला थोडा वेळ लागतोच. दुखणे सुरू होऊन तासभरही झाला नसेल आणि पहिला आकडा निर्दोष आला, तर 'रिपोर्ट नॉर्मल आहे' म्हणून चपला घालून निघू नये. डॉक्टर दुसऱ्या परीक्षेसाठी थांबा म्हणतात ते बिल वाढवण्यासाठीच, असा संशय घेणारे पुष्कळ भेटतात. दुसरा आकडा कशासाठी असतो, हे आता आपल्याला कळले आहे.

तिसरी गोष्ट, कळ नेहमी नाटकातल्यासारखी येत नाही. स्त्रियांना, वृद्धांना आणि मधुमेह असलेल्यांना कधी नुसता दम लागतो, मळमळते, जबडा किंवा पाठ दुखते, गळून गेल्यासारखे होते. घरातली बाई दिवसभर राबून 'आज जीव घाबरतोय' म्हणाली, तर तिला चहा करून देण्याआधी तिचे म्हणणे नीट ऐकावे. आपल्या लोकांना हा विकार पाश्चात्त्यांपेक्षा काही वर्षे लवकर गाठतो, हेही अभ्यासांनी दाखवले आहे. मुंबईचे नामवंत हृदयशल्यचिकित्सक डॉ. नीतू मांडके २००३ साली हृदयविकारानेच गेले. शेकडो हृदये ज्यांच्या हातांनी सावरली, त्यांचेही वय तेव्हा साठीच्या आतले होते. तेव्हा 'मला काय होतंय!' ही भाषा कोणीच करू नये.

भगिनींनो आणि बंधूंनो, आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो, तो आपण पाहिला असेल. दोर ओढणारे शेकडो असतात, पण चाकाखाली मोगरी लावणारा माणूस एका क्षणाने चुकला तर त्या शेकडोंच्या बळाचा उपयोग नाही. न्यूयॉर्कचे तिघे, तोकियोचे एबाशी, हायडेलबर्गचे कॅटस यांनी दोर ओढत ओढत हा रथ आपल्या दारापर्यंत आणला आहे. रात्री अकरा वाजता ओट्यावर बसलेला माणूस छातीवर हात फिरवू लागला, तर पुढे काय करावयाचे हे न्यूयॉर्कला ठरणार नाही. ते त्या ओट्यावर ठरणार आहे. आमच्या घरी ओव्याची बरणी अजून त्याच फडताळात आहे. फडताळाच्या दारावर आता १०८ हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे, आणि बरणी काढणाऱ्याला तो वाचल्यावाचून राहता येत नाही.